पुरोहितबुवांचं ताट आणि माझी नोकरी

नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? विचारलं ते सांगितलं. आमच्या हॉटेलात मालकांचा नियमच आहे, ताट टेबलावर ठेवायचं, पास्त्याच्या नावाचा अर्थ सांगायचा, नाव पडलं कसं ते सांगायचं, मगच गिऱ्हाइकाने काटा उचलायचा... फुलपाखरं, कान, जिभा, सगळं पाठ केलं मी, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माणसाने. आज उमेदवारीचा शेवटचा दिवस. मालकांनी कायम केलं तर सुटलो, नाहीतर परत कॉलेज, असं बाबांशी ठरलेलं. आणि आज बाबा स्वतः हजर, बरोबर आत्या, आणि बरोबर कोण, तर पुरोहितबुवा. ज्यांना विचारल्याशिवाय बाबा चष्म्याची फ्रेमसुद्धा बदलत नाहीत, ते.

बरं, यादीत चोवीस पास्ते, बुवांचं बोट पडावं कशावर? स्त्रोत्साप्रेतीवर. म्हटलं, "बुवा, दुसरं घ्या ना, हे पचायला जड."

"मला पचन शिकवतोस?"

आणलं. ठेवलं. म्हटलं, "पिळलेली कणीक आहे, जेवा." तर मागे मालक खाकरले. आत्या म्हणते, "अरे, अर्थ सांग की, शेजारच्या टेबलाला सांगितलास." आता काय करणार... सांगितला. "पुरोहिताचा गळा घोटणारा."

बाबा लालेलाल. "जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

"मी नाही ठेवलं नाव, इटलीवाल्यांनी ठेवलं."

"का ठेवलं?"

बाबांनीच विचारलं ना? विचारलं ते सांगितलं. कोणी म्हणतं, तिथले पुरोहित फुकटचं जेवण दिसलं की असे तुटून पडायचे की घास घशातच अडकायचा. कोणी म्हणतं, बायका कणीक पिळताना मनातल्या मनात त्यांचीच मान पिळायच्या... आत्या रुमालात तोंड खुपसून हसतेय, बाबा माझा गळा शोधतायत, आणि बुवांकडे बघतो तर अर्धं ताट साफ, दोन्ही गाल भरलेले.

बुवांनी गिळलं. पाणी प्यायले. माझ्याकडे असं बघितलं की म्हटलं, संपलं.

"पाठांतर चोख आहे," म्हणाले, "आणि मोठ्यांची भीडभाड नाही. असा मुलगा ताटं उचलतोय? कॉलेजात घाला, प्राध्यापक होईल. आणि हे अजून एक ताट आण."

मालक म्हणाले, "अहो, मी याला कायम करतोय."

बाबा म्हणाले, "बुवा बोलले, विषय संपला."

जन्मात पहिल्यांदा तोंडी परीक्षेत पास झालो, आणि त्याचीच शिक्षा म्हणून सोमवारपासून कॉलेज.