अष्टमीचं माप

माझा जन्म देवगडच्या बाजूचा, खाडीच्या काठी, घरापासून पाणी दहा पावलांवर, म्हणजे उधाणाला दहा पावलं आणि भांगाला पार खाली, चिखलात. पुनवेला-अवसेला भरती मोठी, ते उधाण. अष्टमीला भरती लहान, तो भांग. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण कळतं, पण हपिसात कोणाला कळत नाही, म्हणून आधी सांगून ठेवतो.

बापूस लालबागच्या गिरणीत, आम्ही काळाचौकीला चाळीत. मी पण गिरणीत लागलो, पण कापसाच्या धुळीनं खोकला धरला, डॉक्टर बोलला, सोड. मग वळखीनं शहराच्या जमिनी बघणाऱ्या एका हपिसात चिकटलो. नाव नका लिहू, अजून नोकरी आहे माझी. काम काय, तर सर्वेअर साहेबाबरोबर जायचं आणि मोजायच्या साखळीचं टोक धरून उभं राहायचं. शिक्षण चौथी, पण साखळी कशी ताणायची ते मला विचारा.

तर हपिसानं नियम काढला. भरती जिथवर चढते तिथून एक साखळी, म्हणजे शंभर फूट आत, तेवढ्या पट्ट्यात परवानगीबिगर काही बांधायचं नाही, मांडायचं नाही, असलेलं काढायचं. नियम वाईट असं मी म्हणत नाही. पाण्याच्या तोंडावर घर नको, बरोबर आहे. पण भरती कुठल्या दिवसाची? ते लिहिलंच नव्हतं, ते साहेबाच्या मर्जीवर. आणि साहेब कोण, तर आमचाच, गिरगावातला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला पहिल्या रांगेत बसणारा. काय सांगू तुम्हाला.

कोळीवाड्यात आम्ही गेलो पुनवेला. पाणी पारूबाय कोळणीच्या ओट्याला टेकलेलं. तिथून साखळी टाकली, तीन ओळी घरं आणि मासळी सुकवायचं अख्खं खळं पट्ट्यात गेलं. त्याच किनाऱ्यावर पुढे शेटलोकांचे बंगले, तिथे गेलो आठ दिवसांनी, अष्टमीला. पाणी खडकांच्या खाली, आणि साखळी बंगल्यांच्या भिंतीच्या अलीकडेच संपली. मी बोललो, साहेब, आज भांग आहे, इथे पण पुनवेला मापूया. साहेब बोलला, तुला पगार साखळी धरायचा मिळतो, पंचांग सांगायचा नाही. धरली साखळी.

मग इंग्रजी नोटिसा लागल्या. पारूबाय विधवा बाई, दोन सुना हाताशी, सुक्या बोंबलावर घर चालवायची. तिच्या खळ्यात हद्दीचा दगड मीच पुरला. मी घामाघूम झालेला बघून तिनंच पाणी आणून दिलं आणि विचारलं, आरं साखलीवाल्या, काय लिवलंय त्या कागदात? मी बोललो, खळं काढायला सांगितलंय. बंगल्यांचं माप अष्टमीला झालंय, सांगून टाकलं. ती बोलली, म्हंजे समिंदर आमच्याकडं पुनवंचा नि त्यांच्याकडं आठमीचा?

भिंतीवरचं कॅलेंडर काढून ते घेऊन गेली हपिसात. कारकून बोलला, अर्ज इंग्रजीत आणा. कोणाला तरी धरून तो लिहून आणला. मग बोलला, हपीस तारीख बघतं, तिथी नाही. मग साहेब रजेवर. मग फाईल वर गेली. ते दिवस असे की सगळं लालबाग रस्त्यावर, मी पण घसा फोडून ओरडायचो. माझी बायको बोलायची, आपला राज्य येवंदे, अर्ज आपल्या भाषेत, सायब आपलो, मगे कोण अडवतलो? तेच मी पारूबायला सांगितलं, थांब जरा. माझ्या शब्दावर थांबली हो ती.

राज्य आलं, पेढे वाटले. पारूबायनं मराठीत अर्ज दिला आणि खरंच सुनावणी लागली. ती बाहेर बाकावर, मला आत बोलावलं. मोठ्या साहेबानं विचारलं, साखळी तू धरली होतीस? हो. मापं बरोबर होती? मी बोललो, साखळी इंचाला बरोबर साहेब, पण दिवस चुकला, इथे उधाण, तिथे भांग... त्यानं हात वर केला. विचारलं तेवढंच सांग. जा.

पत्र आलं मराठीत, शिक्क्यानिशी. पारूबायनं मलाच वाचायला दिलं, खळ्यात, चार बायकांसमोर. मी खुशीनं मोठ्यानं वाचायला लागलो आणि वाचता वाचता ती ओळ आली, साखळी धरणाऱ्या कर्मचाऱ्याने मापे बरोबर असल्याचे सांगितले आहे, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. माझ्याच तोंडानं वाचलं मी ते. मी बोललो, पारूबाय, अर्धंच लिहिलंय गो, पुढचं लिहिलंच नाही. ती बोलली, इंग्रजी होता तवा बरा होता. तुजा नाव तरी समाजला नसता. आणि वळून आपल्या हातानं मासळीचे बांबू उपटायला लागली. मी हात लावायला गेलो तर सून आडवी आली.

घरांची पाळी अजून यायचीय, आता ती घराच्या पत्र्यावर मासळी सुकवते म्हणे, निम्मी कावळे नेतात. मी दोनदा गेलो, घरात नाय म्हणून सांगितलं. साखळी अजून धरतो. नवीन साहेब आलाय, त्याला पण विचारलं, साहेब, आज तिथी कुठली? हसला. मी पण आता विचारायचं सोडलंय.

तुम्ही हे मराठीतच लिहिताय ना? मग झालं की एकदा पारूबायला वाचून दाखवा. पण सगळं वाचा, अर्ध्यावर उठू नका. मग तिला काय शिव्या द्यायच्यात त्या देऊ दे. देव तिला आयुष्य देवो.