कोऱ्या पानावरचे आंगठे

मी ढिवराचा पोरगा. तलावाच्या पाळीखाली आमची टोली, तीसेक घरं, लाखांदूर तालुक्यातलं गाव. गावाचं नाव नका लिवू, गावानं काई नाई केलं, केलं ते मी केलं. बाप डोंग्यावर उभा राहून जाळं फेके, माय डोक्यावर टोपली घेऊन चार गावं मासोळ्या विके, अन् दोघाईलेही अक्षर येत नव्हतं. बापानं मले शाळेत कायले घातलं, तर तो कचेरीत आंगठा लावाले गेला का तिथला बाबू शाईचा डबा पुढं सरकवे अन् नाक दाबे, मासोळीचा वास येते म्हने. बाप घरी येऊन हे हासत हासत सांगे, पन मले कळे. तुले सही आली पायजे रे, एवढंच म्हने.

तर मी दहावी झालो, टोलीतला पयला. तवापासून टोलीचा सारा कागद मायाजवळ. रेशनचा अर्ज, निराधारचा अर्ज, पोरीच्या सोयरिकीची चिठ्ठी, कोनाचं काई असो, जनार्दनले लिवून माग म्हनत. मी कोनाच्या घरचा चहाही घेतला नाई त्यासाठी, हे खरं आहे, अन् हेच सोताले सांगून मी लय वर्षं चांगला मानूस म्हनून मिरवलो.

मंग ग्रामपंचायतीत लिपिक लागलो. कायम नाई, हंगामी, दरसाल नवीन हुकूम निघे तवा मी राहो. ऑफिसचं काय सांगू तुमाले. कोपऱ्यात तंबाखूच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या, अर्ध्या भिंतीवर लाल पोपडे, त्याच भिंतीवर स्वच्छतेचा बोर्ड. ग्रामसेवक साहेब आठवड्यातून दोन दिवस येत, आले का फोनवर, फोन झाला का निघाले. लोक दाराशी चपला काढून उभे राहत, देवळात राहत नाई तेवढे. अन् कोनी काई मागितलं का एकच बोल, उद्या या. मीही शिकलो तो. एक दिवस माया सख्ख्या मावशीले उद्या या म्हनलं, एका दाखल्यासाठी, दाखला पुढ्यातच होता, साहेबाची सहीही झालेली. काहून म्हनलं, तर काहून नाई. म्हनावंसं वाटलं. असं ते ऑफिस मानसाच्या आत शिरते.

आता ग्रामसभा कशी होते ते सांगतो, कारन सारं त्याच्यातच आहे. सभेले लोक येत नाई, अन् तेवढे लोक भरले नाई त सभा होत नाई. मंग काय करत, जो येईल त्याची पयले रजिस्टरवर सही घ्याची, ज्याले येत नाई त्याचा आंगठा. पानाची वरची जागा कोरी सोडाची. लोक चहा पीत, हातपंपाचं भांडन करत, घरी जात. ठराव मंग आमी लिवत, दोन दिवसानं, चार दिवसानं, सवडीनं, त्या कोऱ्या जागेत. सारे असंच करतात म्हनत. टोलीचे लोक येत ते फक्त मायासाठी. जनार्दननं बलावलं, चाल गा, आंगठा देऊन येऊ. कशावर देऊन राहिलो हे एकानं इचारलं नाई कधी, कारन लिवनारा त्याईचाच होता ना.

एक मेच्या सभेले असेच आले. सोमाबा, म्हंजे माया बापाचा मोठा भाऊ, पाळीवर दिव्याचा खांब पायजे म्हनून बोलला, सारे हो म्हनले, आंगठे देले, गेले. आठ दिवसानं साहेबानं मले बसवलं. सरपंचाचा साळा बाजूले बसून होता. साहेब म्हने, लिव, गावतलाव मासेमारीसाठी पाच वर्षाकरता यांना देण्यात यावा, ढिवर समाजाची हरकत नाही. मी म्हनलं, साहेब, असं त काई बोलनं झालं नाई सभेत. त्याईनं माया हंगामी हुकमाची फाईल कपाटातून काढली अन् टेबलावर ठेवली. उघडलीही नाई, बोललेही नाई. साळ्यानं मले खर्रा समोर केला. मी खर्रा घेतला, घोटून तोंडात टाकला, अन् लिवलं.

जागा कमी होती. बारीक लिवत गेलो, तरी शेवटची ओळ खाली उतरली, सोमाबाच्या आंगठ्यावर. अक्षर आंगठ्यावर चढलं, हे मले दिसत होतं. पेन थांबला नाई माया.

बरसात सरली, तलाव भरला, अन् आमचे लोक जाळे घेऊन गेले त पाळीवर चार जन काठ्या घेऊन उभे. तलाव आमचा म्हने. तुमीच देला, तुमचेच आंगठे आहेत. टोलीत चूल कशावर पेटते, त्या तलावावर. मासोळ्या, शिंगाडे, दुसरं काई नाई, धानाची बांधी एकाचीही नाई. लोक हातावर हात धरून बसले, दोन घरं कामाले नागपूरले निघून गेली, कुलूप लावून.

आमच्यात एक बाई आहे, पार्बता वहिनी. सोमाबाची सून, माया चुलतभावाची बायको. भाऊ वारला तवापासून म्हाताऱ्याले अन् पोरीले तीच पोसते, बाप्याच्या बरोबरीनं जाळं फेकते. ती ऑफिसात आली अन् सरळ साहेबाले म्हने, ज्या कागदावर आमचे आंगठे आहेत तो कागद दाखवा. साहेब म्हने, असा दाखवता येत नाही बाई, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ती म्हने, करतो. अन् तिथूनच वळून मायाकडं पायलं. भाऊजी, संध्याकाळी येतो, लिवून देजा.

समजलं का तुमाले? मी केलेलं काम पाहाले भेटावं म्हनून अर्ज, तो मीच लिवाचा. ऑफिसात आवक नंबर मीच टाकाचा. साहेबाच्या सहीखाली जवाबही मीच तयार कराचा. नाई म्हनलं असतं त तिनं लाखांदूरले जाऊन कोनाकडूनही लिवून घेतलं असतं. मी नाई म्हनलं नाई. मी लिवलं, सुंदर अक्षरात लिवलं, दहा रुपयाचं तिकीट लावलं, अन् सभा एक मेची होती तिथं पंधरा ऑगस्टची लिवली. बस, एवढंच. तिले म्हनलं, करा सही. सही तिले येते, मीच शिकवलती, अंगनवाडीत फारम भराचा होता तवा. तिनं एक एक अक्षर जोडत सही केली अन् म्हने, भाऊजी, तुमी हाव म्हनून आमी हाव.

जवाबाचे तीस दिवस असतात. आमी कोनालेही महिना भरत आल्याबिगर देत नव्हतो, मुद्दाम, अर्जदार थकला पायजे म्हनून. तिलेही एकोनतिसाव्या दिवशी देला. सदर सभेत असा ठराव झाल्याचे आढळून येत नाही. पाहा, अक्षरही खोटं नाई त्याच्यात, पंधरा ऑगस्टच्या सभेत तो ठराव नव्हताच. खरं लिवून खोटं बोलाचं, हे ऑफिसात शिकाले भेटते, दुसरीकडं नाई. ती जवाब वाचून घ्याले मायाकडंच आली. मी वाचला. तिचा चेहरा असा फुलला का मी मान खाली घालून कागदाची घडी कराले लागलो. म्हने, म्हंजे ठरावच नाई! आमी देलाच नाई ना भाऊजी तलाव! शिक्का आहे ना याच्यावर?

मी म्हनलं, आहे शिक्का.

हा इचार मी केलाच नव्हता. मले वाटलं बाई जवाब पाहून गप बसन. ती गप बसनारी होती का! दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं तो कागद पोलक्यात ठेवला, म्हाताऱ्याले घेतलं, पोरीले घेतलं, आनखी सात-आठ बाया, अन् तलावात जाळं टाकलं. काठीवाले आले त तिनं कागद काढून दाखवला, सरकारी शिक्का आहे म्हने, वाच. त्याईनं कागद हिसकून पान्यात फेकला, जाळे कापले, सोमाबाले पाळीवरून ढकललं, म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. अन् ठान्यात गुन्हा कोनावर लागला, तर पार्बतावर. मासोळ्या चोरल्याचा. साहेबानं ठान्यात ठरावाची खरी नक्कल पाठवली, एक मेची. त्या नकलेवर गोल शिक्का मीच मारला.

त्या दिवशी ऑफिसात साळ्यानं पेढे आनले. सारे खाऊन राहिले, एक माया हातात देला. मी मागच्या दारानं गेलो अन् ओकलो. पेढ्यानं नाई, मले मायाच हाताचा वास आला, शिक्क्याच्या शाईचा. मासोळीच्या वासानं नाक दाबनारा तो बाबू आठवला. मासोळीचा वास धुतला का जाते.

तरी मी दोन महिने गप होतो बरं का. लगेच सांगितलं असं नका लिवू. दोन महिने मी ऑफिसात गेलो, उद्या या म्हनलं, घरी येऊन जेवलो. साहेबानं रजिस्टर मायाच घरी ठेवाले देलं, म्हने ऑफिसात नको, बाई पुन्हा अर्ज करन. बायको रोज इचारे, त्या पेटीत काय आहे, तुमी तिकडं पाठ करून काहून झोपता.

अन् पार्बता वहिनी पुन्हा आली. कोर्टाची तारीख करून आली होती. म्हने, भाऊजी, पोलिसाजवळ एक कागद आहे, मायाजवळ दुसरा होता, दोन्हीवर एकच शिक्का, हे कसं? पुन्हा अर्ज लिवा.

मी म्हनलं, तुमच्या घरी चला, तिथं सांगतो. सोमाबा खाटेवर होता, हात गळ्यात बांधलेला, त्यालेही ऐकू जाईन असं सांगितलं. कोरं पान सांगितलं, फाईल सांगितली, खर्रा सांगितला, पंधरा ऑगस्ट सांगितलं. मले वाटलं मारन. मारलं असतं त बरं झालं असतं. ती उठली, घरातून पोरीची वही आनली, मधातलं पान फाडलं अन् मायापुढं ठेवलं. जनार्दन, लिव, म्हने. भाऊजी म्हननं त्या दिवसापासून बंद. आता बरोबर लिव. अन् लिवलेलं माया पोरीले वाचू दे.

पोरगी नवव्या वर्गात. तिनं मोठ्यानं वाचलं, दोनदा. एक मेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळावी व मूळ रजिस्टर पाहू द्यावे. सोमाबा एवढंच म्हने, जना, माया आंगठा खांबासाठी होता ना रे.

तीस दिवस गेले, जवाब नाई. अपील केलं, पंचायत समितीत सुनावनी लागली. मी साहेबासंगं त्याईच्या बाजूनं बसलो, समोरच्या बाकावर वहिनी अन् सोमाबा. साहेब अपिलाच्या अधिकाऱ्याले म्हने, रजिस्टर वाळवीनं खाल्लं, नष्ट झालं. अधिकारी लिवू लागले, वाळवी. मी उठलो, पिशवीतून रजिस्टर काढलं अन् टेबलावर ठेवलं. म्हनलं, हे पाहा, नाई खाल्लं. साहेब खालच्या आवाजात म्हने, मेला तू जनार्दन. मी पान उघडून देलं. अधिकाऱ्यानं चष्मा वर केला, वाकून पायलं, आंगठ्यावर चढलेल्या ओळीवर बोट ठेवलं, अन् इचारलं, हे कोनाचं अक्षर? मी म्हनलं, माझं. आंगठे पयले, अक्षर मंग.

नक्कल भेटली तिले, शिक्क्यासकट. आता तुमी म्हनान, मंग झालं ना. काय झालं? चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत तलावात कोनीच उतरू नये असा हुकूम निघाला, साळ्यानं नाई अन् ढिवरानंही नाई. तलाव भरून पडला आहे, मासोळ्या त्याच्यात मानसाच्या हाताएवढ्या झाल्या म्हनतात, अन् पाळीखालची टोली धान रोवन्याले दुसऱ्याच्या बांधीत जाते. साहेबाची बदली झाली, मले वाटते आधीपेक्षा चांगल्या गावी. माया हुकूम यंदा निघाला नाई. त्याचं दुःख नाई, कोनती खुर्ची होती ते मी सांगितलंच तुमाले. दुःख हे आहे का टोलीत आता कोनी कागद घेऊन येत नाई. मी ओसरीवर बसतो, लोक मायासमोरून पार्बताच्या पोरीकडं जातात. जावं. बरोबर आहे ते.

गुन्हा पन तसाच आहे. मासोळ्या चोरल्याचा. वकील म्हने, ठराव खोटा होता हे लिवनाऱ्यानंच कोर्टात सांगितलं त बाई सुटन, पन लिवनारा अडकन. मी म्हनलं, अडकू द्या. परवा तारीख होती, साक्ष नाई झाली, पुढची पडली. एसटीत ती पुढच्या सीटवर अन् मी मागं. सहा महिन्यात एक शब्द नाई बोलली मायासंगं. गावाच्या फाट्यावर उतरलो, ती पुढं, मी मागं, पाळीपर्यंत आलो. तिथं ती थांबली. तलावाकडं पाहूनच म्हने, जनार्दन, पुढच्या तारखेले साक्ष देशीन त मोठ्यानं बोलजो. तुया आवाज लहानपनापासून बारीक आहे, जज साहेबाले ऐकू नाई जाईन.

बोलीन म्हनलं.

ती गेली निघून. मी पाळीवर कोनी नाई असं पाहून एकदा बोलून पायलं, मोठ्यानं, माझं अक्षर आहे म्हनून. पानकोंबड्या उडाल्या. आता रोज बोलतो. तुमच्याजवळ बोललो तेही त्याच्यातच धरा. तुमाले देव सुखी ठेवो, एवढं बसून ऐकलं.