हात जोडलेले आणि पाय ब्रेकवर

मी मिठबावचा. समुद्राची गाज ऐकतच मोठा झालो, वडील दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायचे, आणि मी एका जागी न बसणारा, आई म्हणायची ह्येच्या ढुंगणाक काटे आसत, ते काटे अजून आहेत, बघा ना, तुम्ही आल्यापासून मी कितीदा उठलो. शाळेत मन लागलं नाय, मग ट्रकवर क्लीनर झालो, मग टेंपो चालवला, मग लोकांच्या जीपा, आणि आता ही माझी स्वतःची सात माणसांची गाडी, मालवणात पर्यटक उतरले की त्यांना फिरवायचं. त्यांच्याशी बोलून बोलून माझी भाषा अशी झाली, अर्धी तुमची अर्धी आमची, समजून घ्या. लग्न झालं नाय. मुलगी बघायला गेलो की चहा यायच्या आधी मीच उठायचो, मग कोण देणार मुलगी!

घरात मी आणि बाय. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शेंबडा पोर होतो, बायनंच मला वाढवलं, पेज भरवली, मारलं पण तिनंच. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाय, सासरी तिला कोण विचारीना, तेव्हा मी जाऊन तिची ट्रंक टपावर बांधली आणि म्हटलं बाय, बस गाडयेत, घराक जावया. तेव्हापासून आम्ही दोघंच.

गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत तिच्या छातीत गाठ निघाली. मी तिला गाडीत घातलं आणि कोल्हापूर गाठलं. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं इलाज आहे, ठरलेल्या दिवशी येऊन ते औषधाचं सलाईन लावायचं, पण एक लक्षात ठेवा, मधे खंड पडता कामा नये, खंड पडला तर केलेलं सगळं पाण्यात. म्हटलं डॉक्टर, गाडी माझी, ड्रायव्हर मी, खंड कसला पडतो!

आणि म्हणूनच मी बाबल मेस्त्रीकडे गाडी घातली. बाबलचं गॅरेज कट्टा गावात, माझ्यासारखाच डोक्यानं गरम, पण हात चांगला. पुढचे ब्रेक झिजले होते, म्हटलं बाबल, बायेक घेवन घाट चढूचो-उतरूचो आसा, काय ठेवू नको जुना, पॅड नवे घाल, डिस्क पण नवी घाल. घातली. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, ब्रेक मारला की पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. मी चावी घेतली आणि निघालो. गाडी कशी, लोण्यावर सुरी चालावी तशी थांबायची.

कोल्हापूरला गेलो, सलाईन झालं, घाट उतरून खाली आलो, आणि कणकवलीच्या अलीकडे ब्रेक दाबला तर स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. पेडल पायाखाली धडधड, धडधड. पाय उचलला की बंद, दाबला की सुरू. मागे बाय सीटवर आडवी, तिनं डोळे उघडले, म्हणते बाबू, काय झाला रे? म्हटलं काय नाय गो, रस्तो खराब. रस्ता आरशासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बाबलच्या अंगावर गेलो. म्हटलं डुप्लिकेट माल घातलंस माझ्या गाडयेक? तो पान्हा टाकून उठला, म्हणतो तोंड सांभाळ, बिल दाखवू? भांडलो, मग त्यानंच चाक खोललं. आमच्याकडे खारी हवा, सगळं लोखंड खाते, डिस्क ज्याच्यावर बसते त्या हबाला गंजाची पापुद्री होती, ती त्यानं घासून काढली, म्हणाला ह्या खाली ऱ्हवला तर डिस्क वाकडी बसता, त्यामुळा आसतला. डिस्क लेथवर नेऊन हलका हात मारून आणली, चाकांचं बॅलन्स केलं. गाडी परत सरळ. महिनाभर पर्यटक फिरवले, तारकर्ली, वेंगुर्ले, काही नाय. मग बायची फेरी आली, गेलो, घाट उतरलो, आणि परत तेच.

आता माझी काय अवस्था झाली असेल! मी सुखानं जेवायला बसू शकत नव्हतो. जेवताना उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जायचा. पर्यटक मागे हसतायत, फोटो काढतायत, आणि मी उगाचच ब्रेक मारून बघतोय, एक बाई म्हणाली काका, काही आडवं आलं का? स्टँडवरच्या प्रत्येकाचं आपलं निदान, एक म्हणतो टायर, एक म्हणतो बेरिंग, एक म्हणतो नजर लागली. मी सगळं करून बघितलं, टायर बदलले, बेरिंग तपासलं, नारळ पण ओवाळला. कोल्हापूरची फेरी आली की थरथर हजर.

आणि मग बाय म्हणाली मी येणार नाय. शांतपणे म्हणाली, फणसाच्या आठळ्या सोलत होती पडवीत. बाबू, माका आता न्हेव नको. देवचारान सांगल्यान, मगे आपण कशाक हट्ट करूचो?

देवचार म्हणजे आमचा राखणदार हो, वाटेचा, हद्दीचा. घाट संपता संपता शेवटच्या उतारावर त्याचा दगड आहे, ड्रायव्हर तिथं थांबल्याशिवाय पुढे जात नाय. थांबायचं, हात जोडायचे, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मनात असेल ते त्याला सांगायचं. बाय सलाईननंतर उतरू शकायची नाय, म्हणून मी गाडी उतारावरच दगडासमोर उभी करायचो, ती खिडकीतून पुटपुटायची, कितीतरी वेळ, फेरीगणिक तिचं गाऱ्हाणं लांबतच चाललं होतं. आणि थरथर सुरू व्हायची ती त्या दगडाच्या पुढेच. ते तिनंच पहिलं ओळखलं. मी ओरडलो, म्हटलं देवचाराक काय गाडयेची डिस्क कळता? ती आठळ्या सोलत राहिली. चार दिवसांवर फेरी, आणि बाय हलायला तयार नाय. मला रडू यायला लागलं, खरं सांगतो.

मी बाबलला गाडीत घातलं, म्हटलं चल घाटात, आज काय तो निकाल लाव. त्यानं आधी डिस्क परत साफ केली, मग दोघंच घाट चढलो आणि नेहमीसारखे खालच्या गिअरात उतरलो. काही नाय! एवढीशी थरथर नाय. मी स्टेअरिंगवर हात आपटला. बाबल म्हणतो, अरे तू बायेक घेवन असोच उतरतस? म्हटलं असो कसो उतरीन, तिका उलटी होता, गिअरचो धक्को सोसवना नाय, मी वरच्या गिअरात, ब्रेकार हलको पाय ठेवन सगळो घाट उतरतंय. तो म्हणाला गाडी फिरव. आता समज बाय मागे झोपली हा.

परत वर गेलो. आणि रिकामी सीट मागे घेऊन मी तसा उतरलो, हळू हळू, पाय ब्रेकवर, वळणावर आणखी हळू, जशी ती खरंच मागे आहे. खाली येईतो जळका वास यायला लागला. देवचाराच्या पुढे थांबलो. बाबल म्हणाला आता हात जोड. जोडले. तो वाकून माझ्या पायाकडे बघत होता. म्हणाला बाय गाऱ्हाणा घालता तवसर ऱ्हव असोच. राहिलो. मग निघालो, आणि पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला तर, थोडी होती, पण होती थरथर.

बाबल म्हणतो, हात दोनय जोडलेले, हँडब्रेक कोण ओढतलो? पायच दाबून ऱ्हवलस ना उतारार? भाकरी तव्यार टाकून हलवलंस नाय तर काय होता? चिकटता. तसाच ह्या. डिस्क तापलेली, पॅड तापलेलो, तू दाबून उभो, पॅडाचो माल डिस्कार एकाच जाग्यार चिकटता, मगे तो चट्टो फिरान इलो की धक्को, इलो की धक्को. मला राग आला, म्हटलं म्हणजे देवाच्या जाग्याक दोष देतस? तो म्हणाला अरे देवाचा नाव खंय घेतलंय मी, तुझ्या पायाचा घेतलंय. नवे पॅड आधी रगवूक लागतत, म्हणजे घासून डिस्कार बसवूक लागतत, वेगात ब्रेक मारूचो पण उभो ऱ्हवाचा नाय, परत वेग, परत ब्रेक, मगे गाडी पळवन गार करूची. म्हटलं मेल्या, ह्या आधी कशाक सांगलंस नाय? म्हणतो तू थांबलस खंय ऐकूक? चावी घेतलस आणि गेलस.

डिस्क परत लेथवर, पॅड घासले, आणि मिठबावच्या सरळ रस्त्यावर आम्ही ते नीट रगवले. पण बायला काय सांगू? तुझ्या गाऱ्हाण्यापायी ब्रेक बिघडतात, असं सांगू? दोन वेळा पडवीपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. मग म्हटलं होवंदे, आणि सगळं सांगितलं, भाकरी, तवा, पाय, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, म्हणजे त्यान काय सांगूक नाय? म्हटलं नाय गो बाय. तर तिचा चेहराच पडला. मी म्हटलं अगे, बऱ्याची गोष्ट सांगतंय आणि तोंड कशाक पाडतस? तेव्हा म्हणाली, गाऱ्हाण्यात मी काय मागत होतंय, तुका ठावक आसा? ह्या माझ्या भावाक ह्या फेऱ्यांतसून मोकळो कर म्हणान. बायल नाय, पोर नाय, जा काय होता ता माझ्यापायी घालवता. तेका सोडव. आणि गाडी थरथर कापाक लागली, माका वाटला ऐकल्यान.

काय सांगू तुम्हाला. मी तिथंच खाली बसलो, मी! आणि मग एवढा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. म्हटलं मगे मी थंय हात जोडून माशी मारी होतंय काय? मी पण मागत होतंय! तुझा ऐकता आणि माझा नाय? तो काय तुझो एकटीचो देवचार? ती हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि रडली. पण फेरीच्या दिवशी पिशवी भरून पायरीवर बसली होती.

येताना घाटमाथ्यावर तिला विश्रांती दिली, पाठीला उशी लावली आणि खालच्या गिअरात उतरलो, धक्के बसले, एकदा उलटी झाली, ब्रेक गार. दगडासमोर थांबलो नाय, पुढे सपाटीवर गेलो, गाडी गिअरात टाकून बंद केली, ब्रेकवर पाय नको, बायला धरून खाली उतरवलं. म्हटलं एवढ्या लांबसून गाऱ्हाणा चलात? म्हणाली त्येका डोळे आसत. मी म्हटलं आज तू गप ऱ्हव, गाऱ्हाणा मी घालतंय. आणि मोठ्यानं घातलं, जाणाऱ्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल असं. बा देवचारा, वाटेच्या राखणदारा म्हाराजा, माझ्या भैनीन तुका जा काय सांगल्यान ता ऐकू नको. माका मोकळो करू नको. तिची एक फेरी चुकवू नको, आणि सगळे फेरे झाल्यार तिका बरी करून घराक धाड रे म्हाराजा.

आमच्यात एकानं गाऱ्हाणं घातलं की बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं, नायतर ते पोचत नाय. तिथं बाकीचं कोण, बायच. ती दरवाजाला टेकून दगडाकडे बघत राहिली. मी पाय बदलतोय, किल्ली फिरवतोय बोटात, म्हटलं बाय, बोल. बोल गो. कितीतरी वेळानं, तोंडातल्या तोंडात, पण म्हणाली. व्हय म्हाराजा.

आता सोमवारी परत जायचं आहे. अजून फेऱ्या बाकी आहेत, पुढचं त्याच्या हातात, आपण न्यायचं आणि आणायचं. गाडी आता कापत नाय. मी कापतो, पण मी पुढे बसतो, तिला दिसत नाय.