छपराखालची सूट

वाहन कार्यालयात नव्या कायद्याच्या मसुद्यावर हरकती घेत होते. रांगेत माझ्या पुढे एक निवृत्त फिटर आणि त्यांची बायको उभी होती.

“नीट वाच ना. उघड्यावर वर्षभर बंद उभी असलेली गाडी भंगार धरायची, असंच लिहिलंय?”

“अगदी असंच. मी तरी अकरा वर्षं दुसरं काय सांगतेय?”

“अगं, दुरुस्ती चालू आहे तिची.”

“दर रविवारी कार्ब्युरेटर खोलायचा, पुसायचा आणि परत डब्यात ठेवायचा. याला दुरुस्ती म्हणतात होय?”

“जुन्या गाडीला सबुरी लागते.”

“बरं, हे खाली बघा. छपराखाली ठेवली तर सूट आहे.”

“छपराखाली तुझं शिलाई मशीन आहे.”

“मशीन मी बाहेरच्या खोलीत घेते. तिथे उजेडही बरा आहे. पण ते धूड आत ढकलणार कोण? तुमची कंबर ही अशी, माझे गुडघे हे असे.”

“ढकलायचं कशाला? चालू करून आत घेतो की.”

“काय म्हणालात?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“चालते ती?”

“झाली दोन वर्षं.”

“दोन नाही, तीन. मी ताईकडे गेले की तुम्ही ती सुरू करून बसता. शेजारीण मला फोनवर आवाज ऐकवते.”

“मग कधी बोलली कशी नाहीस?”

“बोलले असते, तर रविवारी तुम्ही माझं मशीन खोलायला घेतलं असतं. चला, नंबर आला आपला.”