श्वास तपासणारी आई

आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या दवाखान्याबाहेर, बाळांच्या लशीच्या रांगेत, पुढचं जोडपं मराठीत हुज्जत घालत होतं. मागे बाबागाडी हलवत उभी असलेली क्षितिजा मास्कआड गुपचूप ऐकत होती.

“दिवाळी अंकवाले माझी कथा छापतील, पण शेवटी आई शांत झोपायला हवी म्हणे.”

“मग झोपव ना, शुभदा. एका ओळीचं काम.”

“पानोपानी ती बाळाचा श्वास तपासतेय, अभिजित. झोपेल कशी?”

“नवरा आहे ना कथेत?”

“आहे. उठवलं की इथल्यांसारखं ‘इट्स ग्रँड’, सगळं ठीक आहे, म्हणून कूस बदलतो.”

“मी असं कधी म्हणालो?”

“मंगळवारी.”

“बरं बाई. लिही, आज नवरा जागतो, ती झोपते.”

“हे कथेत, की घरी?”

“आधी कथा तर पाठव. घरचं बघू नंतर.”

“मग नाही झोपत ती.”