मागची चाकं ओढत्यात का?

हं, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या, आता थोडा वेळ तुम्हाला सुट्टी. आता काम कानांचं!

मंडळी, एक विचारतो. माणसानं भ्यावं की भिऊ नये? तुम्ही लगेच म्हणणार — महाराज, देवाचं नाव घेतलं की भ्यायचं कशाला! वा रे वा! अरे, अंगणात साप निघाला की देवाचं नाव घेत सगळ्यात आधी ओट्यावर कोण चढतं? तुम्हीच ना? मीही चढतो! खोटं कशाला बोलू? भीती देवानंच दिलीय, ती काही वाईट नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. भ्यायचं कुणाला? भरलेल्या ओढ्याला भ्यायचं, का काठावर उभं राहून हसणाऱ्या चार माणसांना? सांगा की! बरं, मग मीच सांगतो, ऐका.

बावीस वर्षं मी घाटात एसटी चालवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी गाडी चालवत होतो, आता तुम्हाला चालवतोय. गाडी बरी होती, ब्रेक दाबला की थांबायची! तर त्या घाटाच्या वर, डोंगराच्या कुशीत खडकओहोळ नावाची वाडी. वाडीत राहायचा सखाहरी मुठे. त्याची बायको हौसाबाई, आणि एकुलती एक लेक मंदा, ती सासरी दिलेली. वाडीतून बाहेर पडायचं तर वाटेत मोठा ओढा. पूल? पूल निवडणुकीत येतो आणि निवडणुकीबरोबर जातो! ओढ्यातून फरशी टाकलेली, तिच्यावर शेवाळ, आणि पलीकडं छातीवर येणारा चढ. श्रावणात तो ओढा फुगला की भल्याभल्यांचं तोंडचं पाणी पळायचं.

सखाहरीनं काजवे बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी तंबू टाकले. धंद्याचा जम बसला, देवदयेनं बरं चाललं. आणि मनात आलं, आता गाडी घ्यायची! साधी नाही हं — डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी, जाहिरातीत वाघासारखी उडी मारते ना, तसली!

गेला नवरा-बायकोचा जोडा तालुक्याला, शोरूममध्ये. आत गारेगार हवा, काचेसारखी फरशी. हौसाबाईंनी चपला दाराशीच काढल्या! मंदिरात आल्यागत! (हसू नका, तुमच्या मातोश्रींनीही काढल्या असत्या.) विकणारा पोरगा भला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "काका, गाडी एकच, पण तिची मॉडेलं तीन. सगळ्यात खालचं तुम्हाला नको. मधलं आहे ते फोर बाय फोर, चारही चाकांना जोर. पण त्यात सीट कापडी, चाकं साधी लोखंडी, छत बंद. आणि हे टॉप मॉडेल! छत उघडतं, पुढं हा एवढा टीव्हीसारखा पडदा, सीट गार होतात, चाकं चकचकीत. फक्त ह्याला जोर पुढच्या दोन चाकांना."

सखाहरीनं बटण दाबलं. सर्रर्र... छत मागं सरकलं! गडी आत उभा राहिला, छतातून मुंडकं बाहेर! शोरूममधली माणसं बघायला लागली. मंडळी, तिथंच सौदा झाला. गाडीचा नव्हे हो, अकलेचा!

हौसाबाई मात्र गाडीच्या मागं गेल्या. खाली वाकल्या. रोज दोन वेळा डोक्यावर भारा घेऊन तो ओढा ओलांडणारी बाई ती! पाय कुठं सरकतो, तिला ठाऊक. तिनं हळूच विचारलं, "पोरा, पुढची चाकं श्यावाळावर घसरली, तर मागची चाकं ओढत्यात का?"

पोरगा म्हणाला, "नाही मावशी. ह्यात नाही. ते मधल्या मॉडेलमध्ये."

"मग आपल्याला मधलंच बरं न्हाई का वो?"

सखाहरीच्या कपाळाला आठी! चार लोकांत बायको बोलली ना! "तू गप बस! तुला काय कळतंय गाडीतलं? मधलं घ्यायचं? आपलं इवाई काय म्हणतील? मुठ्यांना वरचं झेपलं न्हाई म्हणतील!"

बाई गप्प बसली. बघा, किती साधा प्रश्न होता! आणि उत्तरही समोर उभं होतं. पण सखाहरीच्या पोटात भीती होती. ओढ्याची? छे! व्याह्यांच्या हसण्याची!

टॉप मॉडेल आलं. लालभडक! चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, वाजंत्री. शिवाय पुढच्या बाजूला चकचकीत गार्ड बसवून घेतलं, नळीसारखं, आरशासारखं तोंड दिसेल असं. सखाहरी छतातून उभा, हात जोडून सगळ्या वाडीला नमस्कार करतोय! जणू निवडूनच आला!

आता मंदाचं सांगतो. मंदाचं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. सासर ओढ्याच्या पलीकडं, तालुक्याच्या वाटेवर. सासरे गेणूजी, मितभाषी माणूस. मंदाला दिवस गेलेले, सातव्या महिन्यात डोहाळजेवण. सखाहरी नवी गाडी घेऊन गेला, आणि बघतो तर काय? व्याह्यांच्या दारात तीच गाडी! पण मधलं मॉडेल! पांढरं, लोखंडी चाकं, कापडी सीट. सखाहरीच्या मिशा वर! म्हणतो, "पाव्हणं, छत उघडत न्हाई वाटतं ह्याचं?"

गेणूजी हसले. "न्हाई उघडत. सूनबाईला तुमच्या ओढ्यातनं न्यायची-आणायची, म्हणून घेतली. शोभा काय न्हाई तिच्यात."

आणि हळूच पुढं म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. दिवस श्रावणात भरत्यात. बाळंतपण हिकडंच करू. दवाखाना जवळ हाय."

झालं! आपल्याकडं पहिलं बाळंतपण कुठं? माहेरी! नाहीतर लोक बोलतात. सखाहरी ताठ झाला. "मुठ्यांची लेक पहिलं बाळंतपण माहेरीच करंल! दारात गाडी हाय आता!"

दारात गाडी हाय. लक्षात ठेवा हे वाक्य.

श्रावणातली दुपार. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मंदा माहेरी चुलीपाशी बसलेली, एकदम कळवळली. "आये! आये गं!" हौसाबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. दिवस अजून भरले नव्हते! पंधरा दिवस बाकी! "अवं, गाडी काढा! आत्ताच्या आत्ता!" सखाहरीच्या हातून किल्ली दोनदा खाली पडली. त्यानं जाता जाता गेणूजींना फोन लावला, "पाव्हणं, निघालोय, ओढ्याकडनं येतोय..." आणि फोनची रेंज गेली. तेवढंच बोलणं झालं.

ओढ्याशी आले. मंडळी, पाणी लाल झालेलं. फरशी दिसतच नव्हती. हौसाबाई मागं लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "थांबा वो. मी उतरून बघते, पाणी कुठवर हाय." सखाहरी म्हणाला, "येळ न्हाई!" खरंच नव्हता हो वेळ. मंदा ओठ चावत होती, पण ओरडत नव्हती. बापाला घाबरवायचं नाही म्हणून! लेकी अशाच असतात.

घातली गाडी. अर्ध्यापर्यंत गेली... पलीकडचा चढ आला... आणि पुढची चाकं शेवाळावर! घर्रर्र! घर्रर्र! जागच्या जागी फिरतायत! गाडी हलेना. मागची दोन चाकं मढ्यासारखी पडलेली. सखाहरीनं जोर दिला, तसं गाडीचं तोंड वळलं, खालच्या बाजूला. खालच्या बाजूला काय होतं? डोह!

इंजिन बंद पडलं. पुढचा मोठा पडदा दोनदा चमकला आणि काळा झाला. दाराला पाणी थापा मारतंय. थप... थप... पाय ओले झाले. सखाहरीनं दार ढकललं, उघडेना! बाहेरून पाण्याचा दाब! त्यानं खांद्यानं धडका दिल्या. आणि मागून मंदाचा आवाज, बारीक, लहानपणी ताप चढला की यायचा तसला, "आबा... मला भ्याव वाटतंय."

मंडळी, बापाला ह्याच्याहून वाईट शब्द ऐकवता येत नाही.

छताचं बटण दाबलं. सर्रर्र करून अर्धं उघडलं आणि अडकलं! वरून पाऊस आत, लेकीच्या अंगावर. सखाहरीनं त्या अर्ध्या फटीतून डोकं बाहेर काढलं, खांदे खरचटले, आणि ओरडला, "धावा! कुणी हाय का? धावा रे!" ज्या छतातून वाडीला नमस्कार केले, त्याच छतातून माणूस जिवाच्या आकांतानं बोंबलतोय! आणि बघायला कुणी नाही. हसायलाही कुणी नाही! ज्यांना भ्याला, ती चार माणसं कुठं गेली हो?

गाडी तसूभर सरकली. डोहाकडं. हौसाबाईंनी डोळे मिटले, लेकीच्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि देवाला म्हणाल्या, "मला ने. हिला न्हाई." नवस नाही, गाऱ्हाणं नाही. एवढंच.

आणि पलीकडच्या चढावर पांढरी गाडी दिसली!

गेणूजी! फोन अर्धा कापला गेला, पण "ओढ्याकडनं" एवढा शब्द ऐकून तो माणूस निघाला होता! त्यांनी गाडी उलटी फिरवली, मागची चाकं पाण्यात घातली आणि दोरखंड फेकला. "बांधा, पाव्हणं! घट्ट बांधा!" सखाहरी छतातून बाहेर आला, बॉनेटवर पालथा पडला आणि हाताला लागलं ते धरून दोर बांधला. कशाला बांधला? त्या चकचकीत गार्डला!

गेणूजींनी गाडी ओढली. दोर ताणला... कडाड्! गार्ड उपटून पाण्यात! आणि हिसक्यानं लाल गाडी हातभर डोहाकडं! आत मंदा किंचाळली. तोवर दाबून ठेवलेलं सगळं त्या किंकाळीत आलं. सखाहरीच्या काळजाचं पाणी झालं. तो नुसता बघत राहिला.

तेव्हा छताच्या फटीतून हौसाबाईंचा आवाज आला, "खाली! खाली बांधा! शोभेला न्हाई, हाडाला बांधा! गाडीच्या पोटाखाली आकडा आसंल!"

ह्या खेपेला सखाहरी 'गप बस' म्हणाला नाही. उतरला पाण्यात! कमरेला पाणी, मग छातीला. नाक दाबून बुडाला. डोळ्यांना काही दिसेना, नुसता लाल चिखल. हातानं चाचपडतोय... लोखंड... दगड... लोखंड... सापडला! बोटं सोलली, पण गाठ मारली. वर आला, श्वास घेतला आणि ओरडला, "ओढा!"

पांढऱ्या गाडीची चारही चाकं फिरली. दोन घसरली, पण दुसऱ्या दोन्हींनी धरलं! मग ती दोन घसरली, तर ह्या दोन्हींनी धरलं! इंच, दोन इंच... मृदंगवाले, श्वास घ्या हो, तुम्ही का थांबलात!... आणि लाल गाडीचं तोंड चढाला लागलं. ओढ्याचं पाणी मागं पडलं. दार उघडलं.

मंदाला कापडी सीटवर निजवलं. गेणूजींनी गाडी थेट दवाखान्याकडं हाणली. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. एवढीशी, पण रडली खणखणीत! मंदा सुखरूप.

सखाहरी दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. अंगावर चिखल, बोटांना पट्ट्या. हौसाबाई बाहेर आल्या, शेजारी टेकल्या. त्याला वाटलं, आता ही बोलणार. आता हिचा अधिकार आहे. ती बोललीच नाही. तेव्हा त्याला जास्तच भीती वाटली. तोच म्हणाला, "हौसे, त्या दिवशी शोरूममधी तू काय इचारलं व्हतंस?"

बाई म्हणाली, "आठवत न्हाई मला."

सखाहरी हुंदके द्यायला लागला. "मला आठवतंय," म्हणाला. "मला आठवतंय गं."

मंडळी, गाडी कुठली घ्यावी ते मी सांगत नाही, मी कंपनीचा माणूस नाही! छत उघडणारी घ्या, सुखानं घ्या, मला बसवून आणा! पण आता मान वळवा आणि बायकांच्या बाजूला बघा. बघा, बघा, लाजू नका! त्यातल्या एकीनं तुम्हाला कधीतरी एक साधा प्रश्न विचारला होता. जमिनीचा असेल, पोरीच्या लग्नाचा असेल, दारूचा असेल. चार लोकांत विचारला, आणि तुम्ही म्हणालात, गप बस. म्हणालात की नाही? देवाच्या दारात बसलाय, खरं बोला!

आज घरी गेलात की तिला विचारा, तू तेव्हा काय म्हणाली होतीस? ती भांडली, चिडली, तोंडाला तोंड दिलं, तर समजा, अजून पाणी गुडघ्यापर्यंतच आहे. देवाचे आभार माना आणि तिचं ऐका.

पण ती जर शांतपणे म्हणाली, "आठवत नाही मला" — तर बाबांनो, तिथं भ्या.

घ्या टाळ हातात. म्हणा, विठ्ठल...