पदराआडचा श्वास

माझं म्हायेर हसनाबाद, सासर हे राजूरच्या अलीकडचं खेडं. लग्न एक्क्याऐंशीच्या पुढंमागं झालं. मला लहानपनापासून दमा, पन आईनं पाहुन्यांना काही सांगितलंच न्हाई, म्हन्ली लग्न झाल्यावर जाईल, आता सांगा ताई, दमा काय मंगळसूत्र पाहून पळतो का?

पहिल्याच साली बाजरीचं खळं चालू व्हतं, उपननीचं भुसकट नाकात गेलं अन् मी खळ्यातच बसले, ओठ निळे, छातीत शिट्टी वाजून राह्यली. घरी आल्यावर आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, म्हन्ल्या, फसवलं आपल्याला, ही पोरगी म्हायेरी नेऊन घाला, लेकाला दुसरी करू. मालक माझे चांगले व्हते हो, पन आईपुढं त्यांच्या तोंडातून शब्द निघत नसे. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकून राह्यले. तवा माझे सासरे, मामंजी, ओसरीवरून बोलले, हा हिवाळा जाऊ द्या मंग ठरवू, तोवर पोरीला मी शिकवतो.

शिकवतो म्हंजे काय, तर तरुनपनी आमच्या मळ्यात एक नाथपंथी महाराज उतरले व्हते, त्यांच्यापाशी मामंजी नाडीचं शिकले व्हते. डावी नाकपुडी ती चंद्रनाडी, थंड, तिला इडा म्हनायचं, उजवी ती सूर्यनाडी, गरम, ती पिंगळा, अन् मदी पाठीच्या कन्यातून वर जाती ती सुषुम्ना. प्राण म्हंजे नुसती हवा न्हाई म्हनायचे, हवेवर बसून येतो तो प्राण. पन काय सांगू तुम्हाला, शिकवायचं कसं? तवा सून सासऱ्याशी बोलत नसे, तोंड दाखवत नसे. मंग ते ओसरीवर, मी दाराआड. ते सांगायचे डावीनं घे, उजवीनं सोड, अन् समजलं की मी आतून बांगड्या वाजवायच्या. आमची शाळा ही अशी. शेजारनी हसायच्या, म्हनायच्या म्हातारा दाराशी बोलून राह्यला.

रोज सकाळी केलं, बिलकुल चुकवलं न्हाई, अन् दमा काही कमी व्हईना, उलट करता करताच जीव घाबरा व्हायचा. हिवाळा सरत आला, आत्याबाईंनी म्हायेरी निरोप धाडला, भाऊ न्यायला येनार असं ठरलं. त्याच दिवसात एकदा मामंजी सांगत व्हते अन् मला ठसका लागला, लई लागला, पन आवाज दबून येत व्हता. ते एकदम थांबले. म्हन्ले, सूनबाई, तोंडावर पदर हाये का? मी बांगड्या वाजवल्या. असनारच की, सासऱ्याचा आवाज ऐकला की पदर हनवटीपस्तोर, मदी दार असो का भिंत असो, आईनं तसंच शिकवलेलं. अन् लुगडं नवं, कडक, त्यातून हवा कशी येनार? मामंजींनी कपाळाला हात लावला. मंग म्हन्ले, अगं पोरी, माझा मान राखता राखता मरशील का तू?

उठले, अन् ओसरीवरच भिंतीकडं तोंड करून बसले. म्हन्ले, बाहेर ये, पदर खाली घे, उजेडात बस, मी माघारी पाहनार न्हाई. आत्याबाई पाहून राह्यल्या. मी उंबरा ओलांडून आले, त्यांच्या पाठीमागं बसले, तोंड उघडं करून श्वास घेतला. कवळं ऊन चेहऱ्यावर पडलं अन् मला रडूच आलं. सख्ख्या बापानं बी एवढी माया केली नव्हती माझ्यावर, खरं सांगते.

भाऊ आला, पन मामंजींनी मला धाडलं न्हाई, चहा पिऊन तो एकटाच गेला. दमा पळाला असं न्हाई ताई, भोकरदनच्या डॉक्टरची गोळी बी चालूच व्हती, पन दम पुरायला लागला, घरचं सगळं मी करायला लागले, आत्याबाई बी मंग निवल्या. अन् मामंजी वर्षानुवर्षं सकाळी भिंतीकडंच तोंड करून बसले. नातवंडं झाली, गावात टीव्ही आले, पन आमची चाल आम्ही मोडली न्हाई.

दोन हजार साल उलटल्यावर ते अंथरुनाला लागले. दवाखान्यात न्यायला मालक जीप आनायला गेल्ते, घरात मी एकलीच. त्यांनी खुनावलं, म्हन्ले, पाह्य बरं सूनबाई, कोनती नाडी चालू हाये. मी पयल्यांदा त्यांच्या इतक्या जवळ गेले, नाकापाशी बोट धरलं. दोन्हीकून बराबर वारा येत व्हता. दोन्ही बराबर झाल्या की सुषुम्ना उघडती, तवा संसाराचं काम काढू नये, देवाचं नाव घ्यावं, हे त्यांचंच सांगनं. माझ्या तोंडून निघालं, मामंजी, दोन्ही. त्यांनी डोळे उघडले अन् माझ्याकडं पाह्यलं, इतक्या वर्षांत नीट असं पयल्यांदाच. म्हन्ले, अशी दिसती व्हय माझी लेक.

जीप आली, पन ते थांबले न्हाई.

आता आत्याबाई न्हाई, मालक बी थकले. जिला परत धाडायची व्हती, तीच ह्या घरच्या बायांत सगळ्यांत जुनी राह्यली. मामंजी असतील तिथं त्यांना मोकळा वारा मिळो, अन् तुम्हाला बी, ताई.